दहावा चौकोन

आमच्या वन्सं फार प्रेमळ आहेत असं कुणी म्हणालं की मला खोकला येतो. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पन्नासेक वर्षं मी त्यांची भावजय आहे, तेव्हा बोलायचा अधिकार मला आहे. ही बाई डूख धरते. लग्नाच्या दिवशी मी त्यांच्या आधी त्यांच्या चुलतबहिणीशी बोलले, हे त्यांनी मला एकतीस वर्षांनी दवाखान्याच्या रांगेत ऐकवलं. चुलतबहिणीनं त्या दिवशी कुठल्या रंगाचे कपडे घातले होते तेही सांगितलं.

जवानांनी आणि निवृत्त जवानांनी जीव देऊ नये म्हणून सरकारनं जे नवे नियम केले, त्यातलं एक कलम या बाईमुळे आलं. ते आईच्या मायेतून जन्मलं असं पेपरात छापून आलं होतं. मी ते वन्संना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माया कसली डोंबलाची. मला त्या माणसाला छळायचं होतं." तेव्हा खरं काय झालं ते घरातल्याच कुणीतरी लिहावं, म्हणून मी बसले.

वन्सं काजं करायच्या. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजांचं मशीन आलं, तरी मोठ्या साहेबांच्या कोटांना काजं हातानंच लागत. खिडकीजवळच्या लांब टेबलाशी चार बायका बसत, त्यातल्या या एक. काज म्हणजे कापडाला चीर द्यायची आणि तिच्या कडेनं टाके घालून ती बांधून टाकायची. ऐकायला सोपं आहे. मी एकदा करून बघितलं, तर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हे काज नाही, हे उंदरानं खाल्लंय." नजर अशी की तयार कोट हातात घेतला की कुठला टाका आधी पडला, कुठला नंतर, कुठला उसवून गुपचूप परत घातला, हे त्या सांगायच्या. नव्या मुली त्यांना टरकून असत.

नवरा लवकर गेला, तेव्हापासून वन्सं आमच्याकडेच राहतात. एकच मुलगा. तो सैन्यात गेला आणि तिथे ट्रक चालवायला लागला. मोठा बोलका. सुट्टीवर आला की आमच्या स्वयंपाकघरात दाराला टेकून उभा राहायचा आणि म्हणायचा, "मामी, आई गणवेश शिवते, मी तो फाडतो. सरकारला आम्ही दोघंच बुडवणार."

चौदा वर्षं त्यानं नोकरी केली. शेवटची दोन वर्षं तो लढाईच्या भागात सामान पोचवत होता, आणि परत येताना त्या ट्रकमधून काय आणत होता ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही. मग नोकरी संपली. तो घरी आला, पण बोलका मुलगा तिकडेच कुठेतरी राहिला.

नोकरी सोडताना जवानाला एक कागद मिळतो. त्यावर अकरा चौकोन. कागद घेऊन त्यानं छावणीभर हिंडायचं. बूट जमा केले, सही. घोंगडी जमा केली, सही. बंदूक, खोलीची किल्ली, वाचनालयाची पुस्तकं, प्रत्येकाची एक सही. याला छावणीत फेरा म्हणतात. दहावा चौकोन मनाच्या डॉक्टरचा. तिथे गोल निळा शिक्का: तपासले, ठीक. अकरावा मोठ्या साहेबांचा. ती सही झाली की फाटक उघडतं.

हा कागद भाच्यानं कपाटात नीट ठेवला होता. जेवताना तो भिंतीला पाठ लावून बसायचा. बाहेर एखाद्या गाडीनं ब्रेक दाबला की अर्धं ताट टाकून उठायचा. मी एकदा म्हणाले, "अरे, दाखवून ये कुणालातरी." तो हसला आणि कागद काढून आणला. "मामी, तज्ज्ञाचा शिक्का आहे. तू तज्ज्ञ आहेस का?" वन्संही म्हणाल्या, "सरकारनं लिहून दिलंय ना ठीक आहे म्हणून? होईल हळूहळू." शेजारणीनं विचारलं तर तिलाही त्यांनी हेच सांगितलं, जरा तोऱ्यातच.

पाचव्या महिन्यात त्यानं जीव दिला. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

पुढे पंधरा दिवसांनी कुठल्याशा कचेरीत त्याचे कागद द्यायचे होते. वन्संनी ते टेबलावर पसरले. मी भांडी पुसत होते. बराच वेळ आवाज नाही म्हणून वळून बघितलं, तर या कामाचं भिंग डोळ्याला लावून बसलेल्या.

"वहिनी, इकडे ये. हे बघ."

"काय बघू? शिक्का आहे."

"चौकोनात त्याचं नाव लिहिलंय ना? शिक्क्याची कड नावाच्या दोन अक्षरांवर आलीय. आता नीट बघ, वर कोण आहे."

मी भिंग लावलं. काळी शाई निळ्याच्या वरून गेली होती. शिक्का आधीचा होता आणि नाव नंतरचं.

मला उलगडायला वेळ लागला. वन्सं थांबल्या नाहीत. "कागद कुणाचा हे ठरायच्या आधीच माणूस ठीक ठरला होता. माझ्या पोराला त्यानं बघितलंच नाही."

त्यांनी कागद उलटा केला. मागे बारीक अक्षरांत नियम छापलेले. दहाव्या चौकोनाचा नियम मी मोठ्यानं वाचला: डॉक्टरने जवानाशी दार बंद करून किमान अर्धा तास बोलावे, मगच शिक्का द्यावा.

"अर्धा तास," वन्सं म्हणाल्या. त्या दिवसापर्यंत त्यांचं रडणं चालू होतं. ते तिथे थांबलं. "माझ्या पोराचा अर्धा तास त्या माणसानं खाल्लाय. तो मी त्याच्या घशातून काढणार."

"वन्सं, आता कुणासाठी?"

"पोरासाठीच. दार लावून बसवणार त्याला, माझ्या पोराच्या नावानं, पुरता अर्धा तास. त्याशिवाय मी मरायची नाही, सांगून ठेवते."

आम्ही दोघी छावणीच्या फाटकावर गेलो. पहारेकऱ्यानं पहिल्या दिवशी आत सोडलं नाही, दुसऱ्या दिवशी सोडलं नाही, तिसऱ्या दिवशी कंटाळून सोडलं. आत एक कारकून होता, किडकिडीत, कानावर पेन अडकवलेला. स्वभावानं चांगला होता आणि म्हणूनच सगळं बोलून बसला. "मावशी, सगळ्यांचेच असे असतात. डॉक्टर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पन्नास कागदांचा गठ्ठा घेतात आणि शिक्के मारून ठेवतात. नावं मी नंतर घालतो. पोरांनाच घाई असते हो, दुपारची गाडी गाठायची असते. उलट डॉक्टरांचे आभार मानून जातात."

"कुठे बसतात डॉक्टर?"

"ती काय, ती खोली. आज नाहीत."

वन्संनी त्या बंद दाराकडे अशी नजर लावली की कारकून फाइल छातीशी धरून मधोमध येऊन उभा राहिला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या डॉक्टरचं नाव पडलं, ठीकवाला.

मग पत्रं सुरू झाली. वन्सं सांगायच्या, मी लिहायची. दोघींचं शिक्षण मिळून सातवी. अठरा पत्रं गेली आणि अठरा वेळा एकच उत्तर आलं, आपला विषय विचाराधीन आहे. "विचार करून करून डोक्यावर केस राहायचे नाहीत त्यांच्या," वन्सं म्हणायच्या आणि एकोणिसावं सांगायला बसायच्या. कारखान्यात काजं चालूच होती. तिथल्या बायका मला सांगायच्या की आता तुमच्या वन्सं चीर देताना कात्री अशी चालवतात की बघवत नाही.

दोन वर्षांनी सरकारनं समिती नेमली, कारण असे गेलेले जवान एक-दोन राहिले नव्हते. समिती ठिकठिकाणी बसून घरच्या माणसांचं ऐकून घेत होती. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीशबाई, पांढरे केस, हातात साधं पेन. वन्संनी कागद आणि भिंग त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बाईंनी खरोखर भिंग लावून बघितलं, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

मग त्या म्हणाल्या, "इथे आम्ही कुणा एकावर खटला चालवत नाही. आम्हाला पद्धत सुधारायची आहे."

"पद्धतीला हात असतात का, बाईसाहेब? शिक्का हातानं मारलाय."

"त्या माणसाला काढलं तर दुसरा येईल, आणि तोही गठ्ठाच छापून ठेवील. काय केलं तर ठेवणार नाही, ते सांगा."

वन्संनी भिंग उचलून पिशवीत टाकलं. मला वाटलं संपलं, उठा आता. तर म्हणाल्या, "मला त्याच्या दाराबाहेर बसवा. आत गेलेला जवान अर्ध्या तासाच्या आत बाहेर आला, तर मी त्याला परत आत घालीन. माझी सही झाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही."

मागे बसलेले लोक हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, त्या लिहून घेत होत्या.

वर्षभरानं नियम आले. मनाच्या डॉक्टरकडे जायला जवानाला आता वरच्या साहेबांची परवानगी लागत नाही, आणि गेला म्हणून त्याची बढती अडत नाही. घरी गेल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात छावणीतून फोन येतो, आणि फोन उचलला नाही तर माणूस दारात येतो. शिक्का बंद. डॉक्टरनं जवानाचं बोलणं आपल्या हातानं कागदावर लिहायचं. आणि चौदावं कलम: ज्या घरानं असा जवान गमावलाय, त्या घरातला एक साक्षीदार डॉक्टरच्या दाराबाहेर बसेल. पूर्ण वेळ मिळाला का, असं तो जवानाला विचारील. जवान स्वतः हो म्हणाला तरच बाराव्या, नव्या चौकोनात साक्षीदाराची सही.

वन्संनी अर्ज भरला. कुठली छावणी हवी, या प्रश्नापुढे मला लिहायला सांगितलं, घराजवळची. खोटं नव्हतं ते.

दाराबाहेर एक लाकडी बाक, समोर भिंतीवर घड्याळ, डोक्यावर पंखा. पंखा फिरायचा कमी आणि कुरकुरायचा जास्त. वन्सं सकाळी नऊला जाऊन बसायच्या. ठीकवाला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांचा हिरमोड झाला. राक्षस बघायला गेल्या, तर समोर टक्कल पडलेला, विटका स्वेटर घातलेला, डबा सांभाळत चालणारा माणूस. "काय मावशी, बरं आहे ना?" म्हणाला. मग रोजच म्हणायला लागला. पण तुमचा मुलगा कुठल्या छावणीतला होता, हे त्यानं वर्षभरात एकदाही विचारलं नाही. वन्सं संध्याकाळी घरी आल्या की पहिलं वाक्य तेच, "आजही विचारलं नाही." असं म्हणायच्या जसं काही मी त्याला विचारायला मनाई केली होती.

पहिल्याच दिवशी एक जवान बारा मिनिटांत बाहेर आला. "झालं मावशी, करा सही."

"अठरा राहिली. आत जा."

"अहो, बोलून झालं."

"मग दोघं गप्प बसा. पण आत."

आतून ठीकवाल्याचा आवाज आला, "मावशी, माणसाला बोलायचंच नसेल तर मी काय करू?"

"बघा त्याच्याकडे," वन्सं म्हणाल्या. "तेवढं तरी करा."

जवान त्यांना घड्याळमावशी म्हणायला लागले. एक जण आत जाऊन खुर्चीतच घोरायला लागला. ठीकवाल्यानं दार किलकिलं करून विचारलं, "हा झोपलाय. आता?" वन्सं म्हणाल्या, "झोपू दे त्याला. तुम्ही मात्र जागे राहा." लिहून लिहून ठीकवाल्याच्या बोटाला घट्टा पडला. दुपारचा डबा चार वाजता उघडायला लागला. सर्दीनं बेजार होऊन आला तरी वन्संनी एक मिनिट सोडलं नाही. "आज नाक पुसायलासुद्धा फुरसत नव्हती त्याला," असं घरी येऊन सांगायच्या आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायच्या. मी वाढायची. मलाही बरं वाटायचं, का लपवू.

मग आला तो स्वयंपाकी. छावणीच्या भोजनगृहात बावीस वर्षं राबलेला, जाडजूड, हसतमुख. एकविसाव्या मिनिटाला बाहेर आला. "मावशी, तुम्हालाच भूक लागली असेल, सोडा आता."

"नऊ राहिली."

हसत परत गेला. त्या नऊ मिनिटांतल्या सहाव्या की सातव्या मिनिटाला आतले आवाज बदलले. मग दार उघडलं आणि ठीकवाला कारकुनाला हळू आवाजात म्हणाला, "गाडी बोलव. यांच्या बायकोला फोन लाव. मी यांच्याबरोबर जातोय." घरी पोचल्यावर काय करायचं ते स्वयंपाक्यानं ठरवून ठेवलं होतं. दिवससुद्धा ठरला होता. पहिली एकवीस मिनिटं तो भाजी कशी चिरावी यावर बोलत होता.

तो वाचला. तीन महिने रुग्णालयात होता, आता बायकोबरोबर छोटी खानावळ चालवतो.

आणि शाबासकी कुणाला? ठीकवाल्याला. मुख्यालयातून पत्र आलं, अत्यंत दक्ष अधिकारी म्हणून. सत्कार होणार, वर बढती. मुख्यालयात बसून इतर डॉक्टरांना नवी पद्धत शिकवायची. ते पत्र वन्संनी छावणीच्या फलकावर पाहिलं. घरी आल्या त्या चपला न काढता थेट स्वयंपाकघरात.

"माझ्या सुडावर त्याला शाबासकी, वहिनी. माझ्या सुडावर."

"वन्सं, एक माणूस वाचला ना."

"वाचला ते चांगलंच झालं, त्याबद्दल कोण बोलतंय? हा पुढच्या महिन्यात निघून जाणार. माझा अर्धा तास घेऊन जाणार."

"सोडून द्या आता," मी म्हणाले. पन्नास वर्षांत हे मी त्यांना एकदाच म्हटलंय. पुन्हा म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं. नियमात असंही आहे की जवानाच्या घरच्या माणसालाही डॉक्टरपुढे बसता येतं, दार लावून, तितकाच वेळ. तेव्हा वन्सं आत आणि बाकावर मी. "आधी बाहेर आला तर परत आत घाल," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तो. आणखी कोण?"

आत काय झालं ते मला नंतर वन्संनी सांगितलं, आणि त्या कुणाचे शब्द बदलत नाहीत. ठीकवाला म्हणाला, "बोला मावशी." वन्संनी भाच्याचा कागद टेबलावर ठेवला. त्यानं नाव वाचलं, मग वन्संकडे बघितलं.

"हा तुमचा मुलगा?"

"आज विचारलंत."

"आमच्याच छावणीतला?"

"तुमच्याच शिक्क्याखालचा. नाही, शिक्क्यावरचा. हे घ्या भिंग."

त्यानं भिंग लावलं. मग कारणं सांगितली. छावणीच्या दवाखान्यात दिवसाला चाळीस माणसं, डॉक्टर एक. पोरांना गाडीची घाई. सगळीकडे असंच चालायचं. वन्संनी मध्ये एक शब्द घातला नाही. मी बाहेर घड्याळाकडे बघत होते. दहा मिनिटं झाली तेव्हा दार उघडलं आणि ठीकवाला उंबऱ्यात आला, चेहरा पांढराफटक. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. म्हणाले, "वीस राहिली, डॉक्टर."

तो परत आत गेला. त्या वीस मिनिटांत त्यानं आपल्या हातानं लिहून दिलं: या जवानाला मी तपासले नाही. हा शिक्का बंद होईपर्यंत त्यावर घरी गेलेल्या कोणालाही मी तपासले नाही. खाली सही, तारीख. वन्संनी फक्त पहिलं वाक्य मागितलं होतं. दुसरं त्यानं आपणहून लिहिलं. मी म्हणाले, "म्हणजे माणसात थोडंतरी..." वन्सं म्हणाल्या, "गप्प बस."

दया येऊन त्यांनी ते लिखाण दोन दिवस उशाखाली ठेवलं असेल असं कुणाला वाटेल. त्या दोन तासही थांबल्या नाहीत. न्यायाधीशबाईंना पाठवून मोकळ्या. सत्कार रद्द झाला, बढती गेली, चौकशी बसली. चौकशीच्या साहेबांनी वन्संना बोलावलं.

"याला नोकरीतून काढतो, बाई. मग तर झालं?"

"काढू नका."

साहेबांचा चेहरा मऊ झाला. "मन मोठं आहे तुमचं."

"मोठं बिठं काही नाही. काढलंत तर घरी जाऊन पाय पसरून बसेल. त्या शिक्क्यावर किती जण घरी गेले?"

कारकुनानं वही बघितली. सोळाशे आठ.

"सगळ्यांना परत बोलवा. याच्यापुढे बसवा. एकेकाला अर्धा तास. ते होईपर्यंत याला बदली नाही आणि निवृत्ती नाही."

 साहेबांनी ते वर कळवलं आणि वरून होकार आला. शिक्के रद्द झाले, सोळाशे आठ जणांना पत्रं गेली. माणसं यायला लागली. कुणी वैतागून, कुणी बायकोनं ढकललं म्हणून. एक जण दुकान बंद ठेवून यावं लागलं म्हणून ठीकवाल्याशी अर्धा तास भांडला. वन्सं बाहेरून म्हणाल्या, "चालेल, तेही लिहून घ्या." पहिल्या चारशेतच एकतीस जण असे निघाले की त्यांना उपचारांची गरज होती आणि त्यांच्या कागदावर ठीक होतं.

नऊ जण यायला उरलेच नव्हते. कारकुनानं त्यांच्या नावांवर रेघ मारली. वन्संनी यादी बघितली.

"खोडलीस का रे ही?"

"मावशी, ते... गेले ना ते."

"मग? त्यांचा अर्धा तास कुठे गेला? लिही परत."

कारकुनानं साहेबांना विचारलं. साहेबांनी एव्हाना वन्संशी वाद घालणं सोडलं होतं. नऊ नावं परत आली, आपापल्या क्रमांकावर. भाच्याचा क्रमांक चारशे बारा.

त्या दिवशी मी गेले. चारशे अकरावा सही घेऊन निघाला. वन्संनी बाकावरूनच हाक मारली. भाच्याचं पूर्ण नाव, सैनिक क्रमांकासकट, इतरांना मारायच्या तशीच, आवाज जराही न हलवता. खुर्च्यांवर वाट बघत बसलेले चार-पाच जण उठून उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ठीकवाल्यानं दार उघडून धरलं, प्रत्येकासाठी धरायचा तसं. एक माणूस आत जायला लागेल तेवढा वेळ धरलं. मग लावून घेतलं.

अकराव्या मिनिटाला ते उघडलं. त्याच्या हातात नवा कागद आणि पेन.

"मावशी, काय लिहू?"

"मला काय विचारता? आत विचारा."

"आत कुणी..."

"एकोणीस राहिली."

तो गेला. मी वन्संकडे बघितलं. मला वाटलं होतं, निदान आता चेहरा सैल पडेल. तसं काही झालं नाही. काजाच्या टेबलाशी बसल्यावर असायचा तसाच चेहरा, नजर घड्याळावर.

तीस मिनिटं पुरी झाली आणि ठीकवाला बाहेर आला. डोळे लाल. कागदावर त्यानं सगळे प्रश्न हातानं लिहिले होते. झोप लागते का. जेवण जातं का. काय काय आठवतं. घरी कुणाशी बोलतोस. जीव द्यावासा वाटतो का. प्रत्येकापुढे एकच उत्तर, विचारले नाही. पाचही वेळा पूर्ण शब्दांत लिहिलेलं, कुठे वरीलप्रमाणे नाही. त्यानं कागद वन्संपुढे धरला आणि बाराव्या चौकोनावर बोट ठेवलं.

वन्संनी पेन घेतलं नाही. "जवानाला विचारल्याशिवाय मला सही करता येत नाही. चौदावं कलम."

कारकून पुढे आला. "मावशी, ही सही झाली नाही तर यादी कधीच बंद व्हायची नाही. बाकीचे सगळे संपले तरी डॉक्टरांना सोडता यायचं नाही."

"मला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "असे नऊ आहेत."

कारकुनानं माझ्याकडे बघितलं, मी मध्ये पडेन या आशेनं. मी माझ्या पिशवीच्या बंदाची गाठ सोडायला लागले, ती सुटलेलीच होती. ठीकवाला त्याला म्हणाला, "राहू दे. बरोबर आहे त्यांचं." बिनसहीचा कागद घेऊन तो आत गेला आणि टेबलाच्या डाव्या कडेला ठेवला. नऊ जणांतला हा पहिलाच; बाकीच्या आठांसाठी त्यानं ती कड मोकळी केली.

वन्सं बसून राहिल्या. मी जवळ सरकून म्हणाले, "मिळाला ना वन्सं, अर्धा तास?"

"मिळाला." मग घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "फार थोडा असतो गं तो."

चारशे तेरावा दाराशी येऊन उभा होता, हातात टोपी, आत जाऊ की नको अशा विचारात. वन्संनी त्याला मानेनं आतली खुर्ची दाखवली. "जा बाबा," त्या म्हणाल्या. "घाई करू नकोस."